आसामचे मळे आणि कलकत्त्याचे कायदे

१८५९ च्या तेराव्या कायद्याची प्रस्तावना वाचली, म्हणजे तो कोणाच्या तक्रारीवरून जन्मास आला हे शोधण्यासाठी दुसरीकडे जावे लागत नाही. कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांतील कारखानदार, व्यापारी व इतर मंडळी कारागिरांना आणि मजुरांना उचल देतात. उचल घेतलेला माणूस लबाडीने काम टाकून निघून जातो. त्यामुळे या मंडळींचे नुकसान होते व गैरसोय होते, अशा आशयाची ती प्रस्तावना आहे. कलकत्ता ट्रेड्स असोसिएशन ही त्या शहरातील युरोपियन व्यावसायिकांची संस्था. तिने सरकारकडे अर्ज केला होता. अर्जातील गाऱ्हाणे जवळजवळ तसेच्या तसे कायद्याच्या दाराशी येऊन बसले.

उपायही अर्जदारांना हवा तसाच होता. मालकाने मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद करावयाची. मॅजिस्ट्रेटने मजुराला पकडून आणावयाचे. मग त्याने उचल परत करावी की राहिलेले काम पुरे करावे, हे फिर्यादीच्या मर्जीप्रमाणे ठरवावयाचे. आणि हुकूम मोडला तर मजुराला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. करार दोघांचा असतो, तेव्हा तो मोडण्याचा गुन्हाही दोघांकडून घडू शकतो, ही गोष्ट कायद्याने विचारात घेतलेली नाही. मालकाने वेतन थकवले, तर मजुराला दिवाणी वाट मोकळी होती. मजुराने काम थकवले, तर तुरुंगाची.

या कायद्यात चहाचे नाव नाही, आसामचेही नाही. शिंपी, खोगीर करणारे, गाड्या बांधणारे यांच्या कामासाठी तो केलेला. पण कायद्याचे कापड एकदा कापले गेले, की ते कोणाच्या अंगावर चढेल हे कापणाऱ्याच्या हाती राहत नाही. थोड्याच वर्षांत तो आसामात लागू झाला, आणि चहाच्या मळ्यांवर इतका रुळला की शहरातील ज्या धंद्यांसाठी तो जन्मला त्यांची आठवणही मागे पडली.

आसामात चहा आला तो सरकारच्या बोटाला धरून. १८२६ मध्ये यांदाबूच्या तहाने तो प्रदेश कंपनी सरकारकडे आला. १८३४ मध्ये बेंटिंकने चहाच्या लागवडीचा विचार करण्यासाठी समिती नेमली. १८३९ मध्ये लंडनमध्ये आसाम कंपनी स्थापन झाली, आणि लगेच पुढच्या वर्षी सरकारने आपल्या प्रायोगिक बागांपैकी बहुतेक तिच्या स्वाधीन केल्या. जमिनीचे नियमही या नव्या गिऱ्हाइकाच्या मापाने बेतले गेले. १८५४ च्या नियमांप्रमाणे पडीक जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळे. मात्र लहान तुकडा मागण्याची सोय नव्हती, किमान पाचशे एकर घ्यावे लागत. पाचशे एकरांचा अर्ज आसामी रयत करू शकत नाही, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे.

जमीन मिळाली, माणसे मिळेनात. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याजवळ स्वतःची जमीन होती, भात होता, आणि मळेवाले देत असलेल्या मजुरीवर दुसऱ्याच्या मळ्यात राबण्याचे त्याला कारण नव्हते. त्या काळच्या मळेवाल्यांच्या लिखाणात या शेतकऱ्याला आळशी म्हटलेले वारंवार आढळते. स्वतःच्या शेतात राबणारा माणूस दुसऱ्याच्या शेतात जात नाही म्हणून आळशी ठरावा, ही भाषेची गंमत आहे. मळेवाल्यांनी त्यावर औषध सुचवले: जमिनीचा सारा वाढवा, म्हणजे रोख पैशासाठी रयत मळ्यावर येईल. सारा पुढे खरोखरच वाढला. रयत मात्र मळ्यावर फारशी आली नाही. तेव्हा माणसे बाहेरून आणणे भाग पडले. छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओरिसा, पुढे मध्य प्रांत आणि मद्रास इलाखा, येथील दुष्काळाने आणि कर्जाने गांजलेली कुटुंबे कलकत्त्याच्या ठेकेदारांनी गोळा करावी, आगबोटीत भरावी आणि ब्रह्मपुत्रेतून किंवा सुरमा नदीतून वर न्यावी, असा क्रम सुरू झाला. ही माणसे जमवणाऱ्या दलालाला ‘आरकाटी’ म्हणत. हा शब्द आजही त्या मुलखात चांगल्या अर्थाने वापरीत नाहीत.

वाटेत पटकी होई, माणसे मरत. याची चौकशी झाली, आणि १८६३ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने पहिला खास कायदा केला. ठेकेदाराला परवाना हवा, मजुराची नोंदणी हवी, डॉक्टरची तपासणी हवी. हेतू चांगला होता. पण त्यात मळ्यावर पोहोचल्यानंतरच्या आयुष्याविषयी फारसे काही नव्हते. माल सुखरूप पोहोचावा एवढीच काळजी त्यात दिसते.

या कायद्याने दोन्ही बाजूंचे समाधान झाले नाही. मजुरांची दैना थांबली नाही, आणि मळेवाले म्हणू लागले की एवढा खर्च करून आणलेला माणूस पळून जातो, त्याला धरावयास मॅजिस्ट्रेट कोठे शोधावा? मळ्यापासून कचेरी कोसन् कोस दूर. मध्ये जंगल आणि नद्या. यातून १८६५ चा सहावा कायदा निघाला. पुढच्या अर्धशतकाचा सगळा साचा या एका कायद्यात तयार झाला.

त्याची एक बाजू मजुराच्या रक्षणाची होती. कराराची मुदत पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आली. पुरुषाला महिना ५ रुपये, स्त्रीला ४ आणि मुलाला ३ हे किमान वेतन ठरले. दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला सहा दिवस काम. वर मजुरांचा ‘संरक्षक’ म्हणून एक सरकारी अधिकारी. १८६५ मध्ये किमान वेतनाचा आकडा कायद्यात लिहिणे ही लहान गोष्ट नव्हे. त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांसाठी असे काही कोणाच्या स्वप्नातही नव्हते. दुसरी बाजू अशी: काम टाकून गेलेल्या मजुराला मळेवाल्याने स्वतः, वॉरंटावाचून, अटक करावी, अशी मुभा त्याच कायद्याने दिली. पोलीस नाही, न्यायाधीश नाही, लेखी हुकूम नाही. जो करारातील एक पक्ष, तोच दुसऱ्या पक्षाला धरून आणणारा शिपाई झाला.

या दोन बाजू एकमेकींना तोलून धरतात असे कायद्याच्या कर्त्यांचे म्हणणे होते. मळेवाल्याने चांगले वेतन द्यावे आणि त्याच्या मोबदल्यात मजूर बांधलेला राहावा, असा हा सौदा. कागदावर तो बरा दिसतो. पण त्या कलमांची अंमलबजावणी कोणाच्या हाती होती हे पाहिले पाहिजे. अटकेचा अधिकार मळेवाला स्वतः, तत्काळ, आपल्या चौकीदाराकरवी वापरू शकत होता. किमान वेतनाचा अधिकार मजुराला वापरावयाचा, तर त्याला मळा सोडून कचेरीत जावे लागे, आणि मळा सोडणे हाच गुन्हा होता! त्यात आणखी एक मेख होती. वेतन कायद्याने ठरवलेले असले, तरी ते रोजच्या नेमून दिलेल्या कामाच्या हिशेबाने मिळे, आणि किती खुरपणी किंवा किती पाने खुडणे म्हणजे एक दिवसाचे काम, हे माप ठरवणारा मळेवालाच. माप फाजील असल्यास निरीक्षकाने ते कमी करावे अशी तरतूद होती. पण निरीक्षक वर्षाकाठी एखादा दिवस येणार, आणि काम रोज होणार.

१८६३ च्या मे महिन्यापासून तीन वर्षांत सुमारे ८५,००० मजूर आसाम, काचार व सिल्हट येथे नेण्यात आले. १८६६ च्या जूनपर्यंत त्यांतले ३०,००० हून अधिक मरण पावलेले होते. चहाच्या शेअरांचा जो मोठा सट्टा त्या काळात कलकत्त्यात व लंडनमध्ये चालला होता तोही याच १८६६ मध्ये कोसळला, आणि त्या कोसळण्याविषयी मजुरांच्या मृत्यूपेक्षा अधिक शाई खर्च झाली.

१८७० आणि १८७३ च्या दुरुस्त्यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. मळ्यावरील जुन्या मजुराला, म्हणजे ‘सरदारा’ला, गावी पाठवून त्याच्यामार्फत भरती करण्याची रीत त्यांनी मान्य केली, आणि परवान्याचे बंधन काही भरतीपुरते सैल केले. महत्त्वाची घटना या काळात घडली ती इंग्लंडात. तेथेही शतकानुशतके कामगाराचा करारभंग हा फौजदारी गुन्हा समजला जाई. १८७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तो गुन्हा कायद्यातून काढून टाकला. तेथून पुढे मालक आणि कामगार दोघेही दिवाणी कायद्यापुढे सारखे. हिंदुस्थानातील कायदे ज्यांच्या संमतीने होत, त्या हिंदमंत्र्यांचे कार्यालय त्याच लंडन शहरात होते. पण १८७५ चे ते वारे ब्रह्मपुत्रेपर्यंत पोहोचले नाही. उलट सात वर्षांनी तिकडे अधिक कडक कायदा झाला.

तो १८८२ चा पहिला कायदा. या वेळी चहाचा धंदा विस्कळित राहिलेला नव्हता. १८७९ मध्ये लंडनमध्ये आणि १८८१ मध्ये कलकत्त्यात चहा-कंपन्यांचे संघ स्थापन झाले होते. बहुतेक मळ्यांचा कारभार कलकत्त्यातील मॅनेजिंग एजन्सी कंपन्या पाहत. आसाम १८७४ मध्ये स्वतंत्र चीफ कमिशनरचा प्रांत झाला होता; पण त्याला स्वतःचे विधिमंडळ नव्हते. त्याचे कायदे कलकत्त्यात होत. त्यामुळे जेथे कायदा होई ते सभागृह आणि जेथे चहाचे हिशेब होत त्या क्लाइव्ह स्ट्रीटवरील कचेऱ्या यांमध्ये थोड्या चालीचे अंतर असे, आणि ज्यांच्यावर कायदा चाले ती माणसे आगबोटीने कित्येक दिवसांच्या वाटेवर.

गुप्त कारस्थान शोधणाऱ्याची या इतिहासात निराशा होते. येथे लाच नाही, रात्रीच्या बैठका नाहीत. सगळे उघड आणि नियमाप्रमाणे चाललेले आहे. विधेयकाचा मसुदा गॅझेटात छापला जाई. संबंधितांची मते मागवली जात. चेंबर ऑफ कॉमर्स, चहा-संघ, जिल्ह्याचे अधिकारी यांच्याकडून सविस्तर उत्तरे येत. प्रवर समिती ती वाचून कलमे फिरवी. मत मागवण्याच्या यादीत मजुराचा पत्ता नव्हता, एवढेच. आणि ज्याचे मत कोणी मागवीत नाही, त्याच्या हिताचे कलम हे नेहमी दुसऱ्या कोणाच्या दयेवर लिहिले जाते. १८८० मध्ये मळेवाल्यांच्या तक्रारींवरून चौकशी-आयोग नेमला गेला, त्यात त्यांचे प्रतिनिधी बसले. आणि आयोगाच्या शिफारशींतून १८८२ चा कायदा तयार झाला.

त्याने कराराची मुदत तीनवरून पुन्हा पाच वर्षांवर नेली. वेतन पहिली तीन वर्षे पुरुषाला ५ रुपये आणि स्त्रीला ४, शेवटची दोन वर्षे एक-एक रुपया अधिक. खाजगी अटकेचा अधिकार कायम. शिवाय परवान्याच्या भरतीबरोबरच ‘मुक्त’ भरतीलाही वाट करून दिली. तिचा व्यवहारातील अर्थ असा, की आरकाट्याने माणसे कशीही गोळा करून आणावी आणि आसामच्या तोंडाशी धुबरी येथे आगबोट लागली म्हणजे तेथे त्यांचा करार करून घ्यावा. घर शेकडो मैल मागे राहिलेले, परतीचे भाडे जवळ नाही, पुढे नदी. अशा ठिकाणी विचारलेल्या ‘तू आपखुशीने करार करतोस काय?’ या प्रश्नाला दुसरे उत्तर संभवत नाही. या कायद्यावर उदारमतवादी म्हणून गाजलेल्या लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीची मोहोर आहे. गिरणीतील मुलांच्या कामाचे तास कमी करणारा पहिला फॅक्टरी कायदाही त्याच कारकिर्दीतला, अवघ्या एका वर्षापूर्वीचा.

कलकत्त्यात याविरुद्ध पहिला संघटित आवाज उठवला तो इंडियन असोसिएशनने. तिचे सहायक चिटणीस द्वारकानाथ गांगुली १८८६ मध्ये स्वतः आसामात गेले. मळ्यांवर परक्या माणसाला सहजासहजी प्रवेश नसे. तरी त्यांनी माहिती मिळवली आणि ‘बंगाली’ व ‘संजीवनी’ या पत्रांतून ती लेखमालेच्या रूपाने बाहेर आणली. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेसपुढे हा प्रश्न आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तो एका प्रांताचा प्रश्न आहे, राष्ट्रसभेचा नव्हे, म्हणून बाजूस सारला गेला. छोटा नागपूरचा माणूस, बंगालचा दलाल, आसामचा मळा, कलकत्त्याचे सभागृह आणि लंडनचे भागधारक, इतके धागे ज्यात गुंतले आहेत तो प्रश्न एका प्रांताचा कसा, हे आज समजणे अवघड जाते. काँग्रेसने त्यावर ठराव केला तो १८९६ मध्ये. दरम्यान १८९३ च्या दुरुस्तीने कराराची मुदत पाचावरून चार वर्षांवर आली होती.

त्याच १८९६ मध्ये हेन्री कॉटन आसामचे चीफ कमिशनर झाले. सनदी नोकरीतील हा इंग्रज अधिकारी मळेवाल्यांचा वैरी म्हणून आसामात आला नव्हता. आरंभी उभयपक्षी सलोखाच होता. पण मजुरांच्या वार्षिक अहवालांसाठी मळ्यांच्या हजेरीपटांची तपासणी होऊ लागली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की कायद्याने ठरवलेले वेतनदेखील पुष्कळ मळ्यांवर मजुराच्या हाती पडत नाही. नवे विधेयक तयार होत होते. त्यात कॉटन यांनी किमान वेतन महिना एक रुपयाने वाढवण्याचा आग्रह धरला. १८६५ मध्ये पुरुषाला ५ रुपये ठरले होते. छत्तीस वर्षांनंतरही कराराच्या आरंभी तेच ५ रुपये होते. तांदळाचा भाव मात्र १८६५ मध्ये थांबून राहिला नव्हता.

एका रुपयाने एवढा गहजब होईल असे कोणास वाटले नसेल. मळेवाल्यांच्या सभा झाल्या, कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन पत्रे कॉटनवर तुटून पडली, चहाचे भाव उतरलेले आहेत, धंदा बुडेल, असे अर्ज आले. भाव उतरले होते हे खरे. मळ्यांची लागवड भरमसाट वाढवल्यामुळे ते उतरले होते हेही खरे. मार्च १९०१ मध्ये विधेयक व्हाइसरॉयच्या विधिमंडळापुढे आले. चहाच्या धंद्याचा प्रतिनिधी म्हणून जे. बकिंगहॅम सभागृहात बसले होते. मजुरांचा प्रतिनिधी म्हणून कोणीच नव्हता. कॉटन हेच काय ते त्यांची बाजू मांडणारे, आणि तेही सरकारी नोकर. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आपल्या पाठीशी आहेत असा कॉटन यांचा समज होता. कर्झनने तडजोड पत्करली. एक रुपयाऐवजी आठ आणे वाढ, आणि तीही दोन वर्षांनी अंमलात यावयाची.

आठ आण्यांचा हिशेब लहान वाटतो. पण ज्याचे सगळे वेतन पाच रुपये, त्याला तो दहावा हिस्सा आहे. आणि मजुरांची संख्या लाखांत मोजली, म्हणजे ती दोन वर्षे कोणाच्या पदरात किती भर घालून गेली याची कल्पना येते. कर्झनच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिणारे बंगालच्या फाळणीवर प्रकरणेच्या प्रकरणे खर्च करतात. या आठ आण्यांना सहसा एक ओळ मिळते. कॉटन यांना पुढची मोठी जागा मिळाली नाही; १९०२ मध्ये ते निवृत्त झाले. १९०४ च्या डिसेंबरात मुंबईस काँग्रेसचे विसावे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी हेच सर हेन्री कॉटन होते. गोपाळ कृष्ण गोखले व्हाइसरॉयच्या विधिमंडळात आले ते कॉटनच्या पराभवानंतर. समुद्रापलीकडील गिरमिटाविरुद्ध गोखल्यांनी १९१० आणि १९१२ मध्ये त्या सभागृहात जे केले ते सर्वांना माहीत आहे. नाताळ आणि फिजीच्या गिरमिटाने देशाचा अभिमान दुखावला गेला. आसामचे गिरमिट घरातले असल्यामुळे की काय, तेवढे बोचले नाही.

शेवटी त्या कायद्याला उतरती कळा लागली ती दयेने लागली असे म्हणता येत नाही. १९०६ च्या चौकशी-समितीला दिसून आले की भरतीच्या मुलखात आसामचे नावच लोकांना नकोसे झाले आहे, आणि त्याचे एक मोठे कारण ही अटक आणि हा तुरुंग होय. ज्या कलमाने माणूस मळ्यावर डांबला जाई, त्याच कलमामुळे नवा माणूस मळ्यावर येण्यास तयार होईना. तेव्हा ते कलम कंपन्यांनाच महाग पडू लागले. १९०८ मध्ये खाजगी अटकेचा अधिकार गेला; १९१५ मध्ये खास कायद्याखालील दंडनीय करारही संपले.

येथे १८५९ चा तो जुना कायदा पुन्हा समोर येतो. खास कायद्यात किमान वेतन होते, निरीक्षक होता, नोंदवही होती. तेराव्या कायद्यात यांपैकी काहीच नव्हते. म्हणून खास कायद्याचा जाच वाटू लागल्यावर मळेवाले कधीच त्याच्याकडे वळू लागले होते. दहा-बारा रुपये हातावर ठेवावे, त्यांना उचल म्हणावे, कागदावर अंगठा घ्यावा. कलकत्त्याच्या दुकानदारांसाठी शिवलेले कापड बरोबर बसत होते. मजूर त्या करारालाही ‘गिरमिट’च म्हणत. १९१५ नंतर हाच कायदा मुख्य आधार राहिला. १९२१ च्या मे महिन्यात चारगोला खोऱ्यातील हजारो मजूर बायकामुलांसह मळे सोडून करीमगंज आणि चांदपूरच्या वाटेने घराकडे निघाले, आणि चांदपूर स्थानकावर रात्रीच्या वेळी गुरखा शिपायांनी त्यांना मारहाण करून हुसकले, तेव्हाही हा कायदा पुस्तकात होता.

तो रद्द करण्याचा कायदा १९२५ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९२६ पासून अंमलात आला. त्या वेळच्या केंद्रीय विधिमंडळात कामगारांच्या वतीने नेमलेले एक सभासद होते: ना. म. जोशी. १९०१ च्या सभागृहात जी खुर्ची नव्हती, ती आता मांडली गेली होती, एक का होईना. आसामच्या प्रांतिक विधिमंडळात मात्र मळेवाल्यांच्या राखीव जागा राज्यकारभाराच्या नव्या सुधारणांतही शाबूत राहिल्या, आणि मंत्रिमंडळे त्यांच्या मतांकडे डोळे लावून बसत. इतिहासकार अमलेंदु गुहा यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या नावातच त्या अमलाला ‘प्लँटर राज’ म्हटले आहे.

कायदा रद्द झाला. ही बातमी ज्यांच्यासाठी होती त्यांना ती कोणी कळवली नाही. १९३१ मध्ये व्हिटली आयोगाचा अहवाल आला, तेव्हा करार मोडल्यास आता तुरुंग नाही याची जाणीव मळ्यांवरील पुष्कळ मजुरांना अद्याप झालेली नाही, असे त्यात नमूद करावे लागले. पुढच्या वर्षी, १९३२ मध्ये, चहा-जिल्ह्यांतील मजुरांविषयी नवा कायदा झाला. त्याने बाहेरून आणलेल्या मजुराला तीन वर्षांनंतर मळेवाल्याच्या खर्चाने आपल्या गावी परत जाण्याचा हक्क दिला.